कोवळे सुधारला

"ज्ञानदा, मला एक सांग. एका माणसाने दुसऱ्याच्या नाकावर ठोसा मारला, तर त्याला पाच मिनिटं बाकावर बसवणं ही शिक्षा पुरेशी आहे का?"

पुरुषोत्तम सरांनी पायातले बूट काढायच्या आत सुनेला हा प्रश्न विचारला. ज्ञानदा डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून शनिवारी संध्याकाळी ऑफिसचं काम उरकत होती. तिने आधी सरांबरोबर आत आलेल्या आपल्या आठ वर्षांच्या लेकीकडे पाहिलं. रुहीचं नाक जागच्या जागी होतं.

"बाबा, कोणी कोणाला मारलं?"

"आपल्या कोवळेने. ओहायोहून आलेल्या एकाला."

"मम्मा, इट वॉज सो कूल! ब्लड पण आलं!" रुही म्हणाली.

सोफ्यावर लोकरीचं विणकाम घेऊन बसलेल्या मालिनीबाईंनी सुया थांबवल्या. "अहो, नातीला घेऊन असल्या मारामाऱ्या बघायला जाता? शोभतं का तुम्हाला?"

सरांनाही तोच प्रश्न पडला होता. चौतीस वर्षं कराडच्या शाळेत शिकवून, त्यातली अकरा मुख्याध्यापक म्हणून काढून ते निवृत्त झाले होते. ऑक्टोबरात अमेरिकेत मुलाकडे, प्रथमेशकडे, नोव्हायला, सहा महिन्यांसाठी आले आणि नोव्हेंबर उजाडेपर्यंत त्यांचं नोव्हाय बघून संपलं. लायब्ररी झाली, इंडियन ग्रोसरी झाली, शेजारच्या गृहस्थांना पानं कशी गोळा करावीत हे सांगून झालं. मग थंडी पडली आणि शेजारी बाहेर यायचे बंद झाले. ते थंडीमुळेच, असं सरांचं मत होतं.

शेवटी प्रथमेशने त्यांच्यासाठी ऑफिसमधून दोन सीझन पास आणले. गावापासून वीस मिनिटांवर बर्फावरच्या हॉकीचा एक छोटा संघ होता, बीव्हर्स नावाचा. बीव्हर म्हणजे झाडं कुरतडून नदीला बांध घालणारा प्राणी. आपल्याकडे हे काम पाटबंधारे खातं करतं, पण बीव्हर वेळेत करतो. हा संघ सगळ्यात खालच्या लीगमधला होता. मोठ्या लीगमध्ये जायची आशा असलेली आणि ती आशा सोडून दिलेली, अशी दोन प्रकारची मुलं त्यात होती. पास कोणालाच नको होते, कारण त्या दोन खुर्च्या पेनल्टी बॉक्सच्या बरोबर मागे होत्या. तिथून खेळाडू दिसायचे ते पाठमोरे आणि शिक्षा भोगताना. सरांना मात्र जन्मात एवढी चांगली जागा मिळाली नव्हती.

पेनल्टी बॉक्स बघून ते हरखूनच गेले. गुन्हा झाला की लगेच शिक्षा. डोक्यावर घड्याळ. वेळ संपली की दार उघडून पुन्हा वर्गात. ना पालकांना चिठ्ठी, ना अंगठे धरणं, ना संस्थाचालकांचा फोन! दुसऱ्याच दिवशी सरांनी घरात जिन्याची दुसरी पायरी त्यासाठी मुक्रर केली आणि फ्रिजवर "नियम सर्वांना सारखा" असा कागद डकवला. जेवताना फोन बघितल्याबद्दल प्रथमेश दोन मिनिटं बसून आला. चाळीस माणसांची टीम सांभाळणारा मुलगा, पण ओव्हनचा टायमर वाजेपर्यंत मुकाट्याने बसला.

सरांनी संघासाठी एक वहीही सुरू केली. गोलकीपर एली, वय वीस, प्रत्येक डावाआधी गोलाच्या दोन्ही खांबांना तीन-तीनदा काठी लावतो आणि एक चक्कर मारतो. शेरा: श्रद्धाळू. कॅप्टन लोगन, आठवडाभर लोकांच्या घरं तापवायच्या भट्ट्या दुरुस्त करतो. शेरा: कष्टाळू. चव्वेचाळीस नंबरचा वेड कोवाल्स्की, उंची सहा फूट चार इंच, समोरचे दोन दात नाहीत. शेरा: मूळचा हुशार, संगत वाईट. कोवाल्स्की हे नाव सरांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी त्याचं कोवळे करून टाकलं होतं.

हा कोवळे दर मॅचला कोणाला तरी ठोसे मारून पाच मिनिटं सरांच्या पुढ्यात येऊन बसायचा. मुख्याध्यापकापुढे दर शनिवारी तोच मुलगा येऊन बसायला लागला, तर मुख्याध्यापक गप्प राहील का? स्टेडियम जुनं होतं, बॉक्समागच्या काचांमध्ये चार बोटं फट होती. सरांनी फटीला तोंड लावलं आणि शाळेतलं ठेवणीतलं इंग्रजी काढलं.

"बाळ, तू का मारतोस?"

कोवळेने मागे वळून पाहिलं. "इट्स माय जॉब, सर."

सर रुहीला म्हणाले, "बघितलंस? सगळी मुलं असंच काहीतरी सांगतात. खरं कारण घरात असतं."

पुढच्या शनिवारी त्यांनी चिवड्याची पुडी नेली.

"आजोबा, आउटसाइड फूड अलाउड नाहीये," रुही कुजबुजली.

"हे आउटसाइडचं कुठंय? घरचं आहे."

पुडी फटीतून आत गेली. कोवळेने चिवडा खाल्ला, दाणे वेचून शेवटी खाल्ले आणि हळूहळू बोलायला लागला. तो एकतीस वर्षांचा होता. सोळाव्या वर्षी घर सोडलेलं, तेव्हापासूनचा हा नववा संघ. इथली माणसं त्याला आवडत होती, गाव आवडत होतं. इथेच दोन-तीन वर्षं काढायची आणि मग लहान मुलांना खेळ शिकवायचा, एवढंच त्याच्या मनात होतं. सरांना त्याच्याबद्दल फार माया वाटली.

"राग आला की हात उचलायच्या आधी मनात सतराचा पाढा म्हणायचा," सरांनी उपाय सांगितला. "सतरा दाहे एकशे सत्तर झाले, की मगच हलायचं. मी हजारो मुलं अशी सुधारली आहेत."

"सतराचाच का, सर?"

"दहाचा म्हणून राग जात नाही. डोकं लागलं पाहिजे."

कोवळेने मन लावून पाढा शिकायला घेतला. पाच-पाच मिनिटांच्या तीन शिक्षांमध्ये तो पाठ झाला आणि मग शिक्षा बंदच झाल्या. समोरचा माणूस अंगावर आला, की कोवळे जागच्या जागी उभा राहून ओठ हलवायचा. पहिल्या आठवड्यात प्रतिस्पर्धी घाबरले. एवढा मोठा माणूस पुटपुटतोय म्हणजे काहीतरी भयंकर करणार, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं, की हा काहीच करत नाही.

सरांनी वहीत लिहिलं: कोवळे, वर्तणूक उत्तम. त्याच पानावर रुहीने तिच्या अक्षरात लिहिलं: बीव्हर्स, लॉस्ट फाइव्ह इन अ रो. या दोन नोंदींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं सरांच्या मनातही आलं नाही.

ते आलं जानेवारीत, घरची भट्टी बंद पडली तेव्हा. बाहेर शून्याखाली सतरा. प्रथमेशने फोन केला आणि तासाभरात हत्यारांची पेटी घेऊन दारात उभा राहिला तो कॅप्टन लोगन.

सरांना कोण आनंद झाला! त्यांनी त्याला चहा दिला, तळघरात त्याच्या शेजारी टॉर्च धरून उभे राहिले आणि विचारलं, "आपला कोवळे आता किती सुधारलाय, नाही?"

लोगनच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर थांबला. "कोण, कोवाल्स्की? त्याला शनिवारनंतर काढणार आहेत."

"काढणार? का?"

"तो मारतच नाही, सर! त्याचं कामच ते आहे. तो असला की आमच्या गोलकीपरला हात लावायची कोणाची छाती होत नाही. आता सगळे एलीच्या अंगावर येतात. पोरगं रोज बर्फ लावून झोपतं. कोच म्हणतो, या शनिवारी शेवटची संधी." लोगनने उसासा सोडला. "बॉक्समागे बसणाऱ्या कुठल्यातरी म्हाताऱ्याने त्याच्या डोक्यात गणित भरवलंय म्हणे."

सरांच्या हातातला टॉर्च हलला आणि लोगनला स्क्रू दिसेनासा झाला.

भट्टी सुरू झाली, घर तापलं, पण सर गारच होते. जेवताना त्यांनी सगळं सांगून टाकलं. "त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, माझं काम आहे म्हणून. मी ऐकलंच नाही. आयुष्यभर मुलांना म्हणालो, खोटं बोलू नका. आणि हा खरं बोलला तर त्याला सुधारायला निघालो."

"मग त्याला सांगा ना बाबा, की मार म्हणून," प्रथमेश म्हणाला.

"सांगू कुठे? मला तो भेटतो फक्त पेनल्टी बॉक्समध्ये. आणि आता तो बॉक्समध्ये येतच नाही!"

हे मात्र खरं होतं. सामन्याआधी खेळाडूंना भेटता येत नव्हतं आणि त्यांचं बाकडं रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, पार पलीकडे होतं. रुहीने शाळेच्या प्रोजेक्टचा मोठा पांढरा कागद आणि जाड मार्कर आणून पुढे ठेवला. "आजोबा, यावर फक्त फाइट लिहा."

"मी? मुख्याध्यापकाने 'मार' असं लिहायचं?"

सर दोन दिवस त्या कागदाभोवती फिरले. शनिवारी दुपारी चारला सामना सुरू झाला, तेव्हा कागद त्यांच्या मांडीवर गुंडाळी करून होता. पहिल्या डावात पाहुण्या संघातल्या एका धिप्पाड गड्याने एलीला गोलात ढकललं. कोवळे धावत गेला आणि त्याच्यासमोर उभा राहून ओठ हलवायला लागला. प्रेक्षकांनी हुर्यो केली. कोचने हातातली फळी आपटली. दुसऱ्या डावात पुन्हा तेच. एली उठताना लंगडत होता.

आता सरांना बघवेना. ते उभे राहिले आणि त्यांनी कागद उलगडला. त्यावर ठळक, वळणदार इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, की वेड कोवाल्स्की यास फक्त आजच्या दिवसापुरती परवानगी देण्यात येत आहे. खाली सही, तारीख आणि "मुख्याध्यापक (निवृत्त)".

कॅमेरावाल्याने तो कागद टिपून वरच्या मोठ्या पडद्यावर टाकला. स्टेडियममध्ये हशा उसळला आणि मग दोन हजार माणसं तालात ओरडायला लागली, "पर-मि-शन! पर-मि-शन!" पलीकडच्या बाकड्यावर कोवळेने मान वर करून वाचलं. त्याने छातीवर बोट ठेवून सरांना खुणेने विचारलं: मला?

सरांनी मान डोलावली. चांगली भरघोस, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत.

कोवळेचा चेहरा पडला. तो मान खाली घालून बसला.

"आजोबा!" रुही किंचाळली. "तुम्ही त्याला नो सांगितलं! वर-खाली! अप अँड डाउन!"

सरांनी आयुष्यात पहिल्यांदा मान वर-खाली हलवली आणि ती बराच वेळ थांबवलीच नाही.

तिसरा डाव सुरू होऊन चार मिनिटं झाली होती. तो धिप्पाड गडी पुन्हा एलीवर गेला. कोवळे पुढे आला. त्याचे ओठ हलायला लागले. एक महिन्याची सवय ती, अशी सुटते थोडीच?

"पाढा पुरे!" सर काचेवर दोन्ही हात आपटत मराठीत ओरडले. "कोवळे, पाढा पुरे! हाण!"

शब्द त्याला कळणं शक्य नव्हतं, पण सूर कळला असावा. हातमोजे खाली पडले. पुढचं सगळं फार पटकन झालं. पाहुणा गडी बर्फावर बसला होता, एली काठी आपटत होता, कोच टाळ्या वाजवत होता आणि सगळ्यात मोठ्याने "अजून एक! अजून एक!" असं कोण ओरडतंय, हे बघायला सरांनी आजूबाजूला पाहिलं, तर ते स्वतःच होते.

दार उघडलं आणि महिन्याभराने कोवळे सरांच्या पुढ्यात येऊन बसला. ओठ फुटला होता, पण हसत होता.

"सर, मी सतरा नवांपर्यंत पोचलो होतो."

"किती?"

"एकशे त्रेपन्न."

"बरोबर," सर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी चिवड्याची पुडी आत सरकवली.

मग त्यांची नजर शेजारच्या, पाहुण्यांच्या बॉक्सकडे गेली. तिथे तो धिप्पाड गडी नाकाला टॉवेल लावून एकटाच बसला होता. त्यालाही कोणीतरी हेच काम दिलं असणार. सरांनी थोडा विचार केला, दुसरी पुडी घेतली आणि ते उठले. त्याच्या मागच्या फटीला तोंड लावून त्यांनी विचारलं, "बाळ, तू का मारतोस?"

रुही मागोमाग आली. "आजोबा, तो आपल्या टीमचा नाहीये!"

"म्हणून तर," सर म्हणाले आणि फटीकडे वळले. "राग आला, की आधी सतराचा पाढा म्हणायचा. सेव्हन्टीन वन्झा सेव्हन्टीन..."

घरी आल्या आल्या रुहीने सगळं सांगितलं. कोवळेला सीझन संपेपर्यंत ठेवणार, असं मॅचनंतर कोचने जाहीर केलं, हे सांगितलं. आजोबा काय ओरडले, हेही सांगितलं. ज्ञानदाने फ्रिजवरच्या कागदाकडे बोट दाखवलं.

सर दुसऱ्या पायरीवर जाऊन बसले.

"मारामारीला पाच मिनिटं," रुहीने टायमर लावला. "आणि त्या दुसऱ्या अंकलना पाढा शिकवला, त्याची दोन एक्स्ट्रा."

प्रथमेश आणि ज्ञानदा पानं घ्यायला आत गेले. टायमर टिकटिकत होता. मालिनीबाईंनी विणकाम खाली ठेवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि जिन्याच्या कठड्याच्या दोन गजांमधून चिवड्याची वाटी आत सरकवली.

"अहो," त्या वाकून हळूच म्हणाल्या, "नीट मारलं ना त्याने?"

सरांनी एक दाणा तोंडात टाकला आणि मान हलवली. वर-खाली.