नवरीच्या जागी भात

गोमाजी हाटे यांच्या म्हणण्याप्रमाणे महाड तालुक्यात आजवर दोनच तल्लख डोकी निपजली. पहिलं त्यांचं स्वतःचं. दुसऱ्याचा तपास चालू होता.

"माझं नाव ऐकलं की गुन्हेगाराचे पाय लटपटतात," ते नव्या माणसाला सांगत. "नुसता चेहरा बघून मी सांगतो, माणूस कुठून निघाला, कुठे चालला आणि तिकीट कुठवरचं काढलंय." यातला तिकिटाचा भाग खरा होता, कारण ते एस.टी.तून तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झाले होते. आंबेनळीच्या घाटात धापा टाकणाऱ्या गाडीत एक बिनतिकिटाचा इसम आपण नुसत्या वासावरून धरला, ही त्यांची आवडती गोष्ट. तो इसम ड्रायव्हरचा सासरा निघाला, ही गोष्ट ते सांगत नसत.

निवृत्तीनंतर त्यांची गाडी सुटली, पण संशय सुटला नाही. दारावर 'गो. रा. हाटे, खासगी शोधकार्य' अशी पाटी लागली. लोक हरवलेल्या शेळीची तक्रार घेऊन येत. गोमाजींचे प्रश्न संपेपर्यंत शेळी आपली आपण घरी पोचलेली असे, आणि ते ती केस सुटलेल्यांत धरत.

त्यांचा सहायक म्हणजे त्यांचा मेहुणा महादू. तो पंचायत समितीत कारकून होता. त्याला या कामावर कोणी नेमलं नव्हतं. त्याची बहीण काशीबाई एवढंच म्हणाली होती, "तू भावजींबरोबर जात जा रे. ह्यांना कुणी मारलं तर घरी आणायला आपलं माणूस हवं." तेव्हापासून महादूचे रविवार शोधकार्यात जात होते.

हा प्रसंग घडला तोही रविवारीच, व्हिडिओ गावात नवा नवा आला होता त्या काळात.

शेजारच्या रंगूबाईंची लेक प्रमिला हिचं लग्न वैशाखात झालं होतं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला जाधवांचं घर, तिथला मुलगा मिलिंद. लग्न थाटात झालं, फक्त आचारी ऐन वेळी आला नाही. पाहुणे उपाशी राहायला नकोत म्हणून रंगूबाईंनी पदर खोचला आणि स्वतःच भाताच्या टोपासमोर उभ्या राहिल्या. हॉलमध्ये लेकीनं हार घातला तेव्हा आईच्या हातात झारा होता. जेवणाची सगळ्यांनी तारीफ केली. घरी आल्यावर रंगूबाई एकट्याच बसून रडल्या, आणि ते फक्त प्रमिलाला कळलं.

आता लग्नाची कॅसेट मुंबईहून आली होती. रंगूबाईंच्या घरी टीव्ही होता, आणि त्यांचा भाचा जनार्दन मस्कतहून कॅसेट लावायचा व्हिडिओ घेऊन आला होता. दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ मुंबईला सासुरवाडीत पोचवायचा होता. म्हणजे बघायचं ते आजच. रंगूबाईंचे यजमान कारखान्यात पाळीला गेले होते, पण लेक-जावई आले होते. त्यांच्याबरोबर व्याही काशीराम जाधव आणि विहीण येसूबाईही आल्या होत्या. गोमाजींना बोलावणं नव्हतं. ते सुरक्षेसाठी आले होते, आणि महादू त्यांच्या सुरक्षेसाठी.

जनार्दननं टीव्हीखाली व्हिडिओ ठेवला, वायर जोडली, टीव्हीची बटणं दाबून पाहिली आणि चित्र आणलं. "मामी, सब सेट किया है. आता कोनी टच नाय करायचं," असं सांगून तो एस.टी. स्टँडवर उद्याची जागा राखून ठेवायला गेला.

"तुम्ही बघत बसा, मी चहा टाकते," रंगूबाई म्हणाल्या. "हार घालायची वेळ आली की मला हाक मारा."

व्याही म्हणून काशीरामांना टीव्हीच्या अगदी शेजारची खुर्ची मिळाली होती. त्यांना ऐकायला कमी येई. पडद्यावर ते स्वतः वऱ्हाडाच्या गाडीतून उतरताना दिसले तेव्हा त्यांनी समाधानानं मान हलवली. मग हॉल दिसला, त्रिशरण-पंचशील झालं. पांढऱ्या साडीतली प्रमिला मान खाली घालून उभी राहिली आणि मिलिंदनं हार उचलला.

"रंगूबाई, या, हार आले," म्हणत सगळी खोली स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली. रंगूबाई पदराला हात पुसत धावत आल्या. सगळे पुन्हा टीव्हीकडे वळले, तर पडद्यावर नवरा नव्हता, नवरी नव्हती. गुडघाभर चिखलात एक चष्मेवाले गृहस्थ भाताची रोपं हातात धरून उभे होते.

"दोन रोपांत वीतभर अंतर ठेवावं," ते म्हणाले.

मग गोमाजी उठले.

"कुणीही जागेवरून हलू नये."

"भावजी," महादू हळूच म्हणाला, "हा टीव्हीवरचा शेतीचा कार्यक्रम वाटतो."

"वाटतो. गुन्हेगाराला तुला तसंच वाटायला हवंय." गोमाजींनी खाली वाकून व्हिडिओला कान लावला. "कॅसेट आत फिरते आहे. फिरते ना? मग बाहेर जे दिसतंय ते कॅसेटमधलंच असणार. नळ सोडला की टाकीतलंच पाणी येतं. लग्न पुसून कोणीतरी त्यावर भात भरला आहे."

हे इतकं सरळ वाटलं की महादूलाही क्षणभर पटलं. रंगूबाईंचा चेहरा मात्र उतरला. "पुसलं म्हणजे? पुन्हा दिसायचं नाय?"

"खेद आहे, पण नाही," गोमाजी म्हणाले. त्यांना खेद झालेला दिसत नव्हता.

पहिला संशय फोटोग्राफरवर आला. त्याला शेवटच्या पंगतीला बसवलं होतं. भात संपत आलेला असणार. "ज्याला भात मिळाला नाही," गोमाजी म्हणाले, "त्यानं सूडानं भातच दाखवला."

"त्याला मी स्वतः वाढलं होतं," रंगूबाई म्हणाल्या. "दोनदा मागून घेतला त्यानं."

"मग कृतज्ञतेनं दाखवला असेल. तो धागा तूर्त बाजूला ठेवू." त्यांनी पडद्यावरच्या गृहस्थांकडे डोळे बारीक करून पाहिलं. "या माणसाला मी कुठंतरी पाहिलंय. मिशी चिकटवलेली आहे."

"भावजी, ते शेतकी अधिकारी आहेत. खाली नाव आलं आत्ता."

"बघ, नावसुद्धा बदललंय."

तेवढ्यात काशीराम खुर्चीतून म्हणाले, "जरा बाजूला सरा हो. खत कधी टाकायचं ते सांगतोय."

गोमाजी सावकाश वळले. महादूनं ती वळण्याची पद्धत ओळखली. एकदा बिरवाडीच्या बाजारात ते असेच वळले होते आणि महादूला त्यांना मागच्या गल्लीनं घरी आणावं लागलं होतं. त्यानं त्यांच्या सफारीचं टोक धरलं, पण उशीर झाला.

"या खोलीत नवरी नाहीशी झाल्याचं दुःख कोणाला झालं नाही?" गोमाजी म्हणाले. "जाधवांना. भात आल्याचा आनंद कोणाला झाला? जाधवांना. भाताची शेती कोणाची? जाधवांची. यंत्राच्या सर्वांत जवळ कोण बसलंय? मी कोणाचं नाव घेत नाही, पण जाधवांनी कॅसेट बदलली."

खोलीतली हवाच बदलली. येसूबाईंनी हातातली बशी खाली ठेवली. "आमच्यावर आळ घेताय काय? लेकाचं लगीन आमी पुसू?"

"माझं तसं काही म्हणणं नाय हो," रंगूबाई घाईनं म्हणाल्या.

"तुमच्या घरात उभा राहून बोलतोय तो. तुमी गप ऱ्हायलात. मिलिंद, पिशवी घे. शेवटची गाडी अजून मिळंल."

मिलिंद आईकडे बघे, प्रमिला आपल्या आईकडे. सोयरिकीला अजून वर्ष झालं नव्हतं आणि दोन्ही घरं आत्ता कुठं एकमेकांशी मोकळं बोलायला लागली होती. महादूला वाटलं, आज भावजींना मार पडला तर आपण मध्ये पडायचं नाही. बहिणीला काय सांगायचं ते तो मनात जुळवू लागला. काशीराम तेवढे शांत होते. त्यांना यातलं अक्षर ऐकू गेलेलं नव्हतं.

रंगूबाई त्यांच्या खुर्चीपाशी गेल्या आणि कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाल्या, "व्याहीबुवा, हे काय लावलंय तुम्ही?"

"भात," काशीराम म्हणाले.

"आन् लगीन?"

"ते हाय की आठव्या बटणावर. म्या पयलं दाबलं. आमच्या ग्रामपंचायतीच्या टीव्हीला बी पयल्या बटणावरच भात लागतो." मग सगळ्यांचे चेहरे पाहून ते जरा ओशाळले. "हार उचलले म्हंजी झालंच की लगीन. म्या तिथंच हुतो, समदं बघितलंय. तुमी समदी चहाकडं बघाय लागलात, म्हनलं तवर रोपाचं ऐकून घ्यावं."

रंगूबाईंनी टीव्हीचं आठवं बटण दाबलं. खट्कन आवाज झाला, शेतकी अधिकारी गेले आणि लग्नाची पंगत दिसू लागली. कॅसेट बिचारी इतका वेळ आपलं काम करत होती, फक्त तिच्याकडे कोणी बघत नव्हतं.

येसूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मिलिंदनं पिशवी खाली ठेवली.

"मला पहिल्यापासून बटणाचाच संशय होता," गोमाजी म्हणाले.

आता कॅसेट मागे न्यायची होती. महादूनं व्हिडिओवरचं उलट्या बाणाचं बटण दाबलं आणि पंगत मागे सरकू लागली. लोक तोंडातले घास काढून भराभर पानात ठेवू लागले. गोमाजी एकामागून एक लाडू तोंडातून काढून वाढप्याच्या ताटात ठेवताना दिसले. ते घेतलेलं काही परत करत आहेत, असं महादू आयुष्यात प्रथमच पाहत होता. येसूबाईंना हसू आवरेना. त्यांचं पाहून प्रमिला हसली, मग सगळी खोलीच हसायला लागली.

हार दिसले तिथे महादूनं कॅसेट थांबवून पुन्हा सुरू केली. या वेळी रंगूबाई पुढ्यात बसल्या होत्या. प्रमिलानं मान झुकवली. मिलिंदनं हार वर उचलला.

आणि एक रुंद, तपकिरी रंगाची पाठ कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

पाठ हलेना. ती डावीकडे वळून कोणाला तरी न्याहाळत होती, मग उजवीकडे. मागून टाळ्यांचा आवाज आला. फुलं पडली. पाठ बाजूला झाली तेव्हा दोघांच्या गळ्यात हार होते.

गोमाजी पुढे झुकून पाहत होते. "नुसत्या पाठीवरून इसम ओळखणं कठीण आहे," ते म्हणाले.

"भावजी, तुम्हीच आहात ते," महादू म्हणाला. "अंगावर हाच सफारी आहे."

"मी चपलाचोरांवर नजर ठेवून होतो," गोमाजी हळू आवाजात म्हणाले. त्यांचा आवाज एवढा लहान झालेला महादूनं कधी ऐकला नव्हता. "चप्पल एकही गेली नाही त्या दिवशी."

रंगूबाई पडद्याकडेच बघत होत्या. "असू द्या भाऊ," त्या म्हणाल्या. "नशिबात नव्हतं म्हणायचं."

"नशीब कसलं आलंय त्यात," येसूबाई उठल्या. विहिणीसाठी म्हणून आणलेल्या अबोलीच्या वेण्या त्यांच्या पिशवीत केळीच्या पानात गुंडाळलेल्या होत्या. त्यांनी गाठी मारून त्यांचे दोन छोटे हार केले. "नवरी हितंच हाय, नवरा हितंच हाय. उठा रे दोघं. विहीणबाई, तुमी खुर्चीत बसा. हातात काय घेऊ नका. आन् हाटेभाऊ, तुमी आत जा. चुलीवर दूध हाय, त्याच्यावर नजर ठेवा."

गोमाजी मुकाट्यानं आत गेले. महादूनं स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि खबरदारी म्हणून त्याला पाठ लावून उभा राहिला.

प्रमिला डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. मिलिंदनं लाजत अबोलीचा हार तिच्या गळ्यात घातला, तिनं त्याच्या. रंगूबाई खुर्चीच्या अगदी कडेवर बसून बघत होत्या. डोळे भरून आले तरी त्यांनी ते पुसले नाहीत, पुसताना काही राहून जायला नको म्हणून. टाळी पहिली वाजवली ती काशीरामांनी. त्यांनी आपली खुर्ची टीव्हीकडे पाठ करून वळवून घेतली होती.

टाळ्या थांबल्या तसा दाराआडून गोमाजींचा आवाज आला.

"महादू, दूध उतू गेलं आहे. मला घातपाताचा संशय येतो."