मोटारीचं साल

ऑपरेटरबाई राहत होत्या त्या इमारतीचा जिना दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधोमध पाच पायऱ्यांपुरता अस्तित्वात नव्हता. उरलेला जिना ठणठणीत होता. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी अख्खी गल्ली त्यांना ऑपरेटरबाईच म्हणे. त्या दुसऱ्या मजल्यावर राहत आणि त्यांची थोरली बहीण, ताई, तिसऱ्यावर एकटी. पायऱ्या कोसळल्या तेव्हा ताई सुदैवाने घरात होती. दुर्दैवाने त्यानंतरही घरातच राहिली. शिडी लावून तिला उतरवणं शक्य होतं. पण असा मजला रिकामा झाल्यास 'रिक्त व अनिवास्य' समजून सील करावा, असा नियम होता. म्हणून ताई उतरेना. जिन्याच्या खिंडारावर सुरक्षेसाठी फळ्या ठोकल्या गेल्या, त्यामुळे चार महिने डबा, औषधं आणि वर्तमानपत्र पिशवीत घालून दोरीने गॅलरीतून वर जात होतं, आणि ताईचे टोमणे दोरीशिवाय खाली येत होते.

"छोटे, भाजीत मीठ घातलंच नाहीस, की वर येताना सांडलं?"

जिना दुरुस्त करायचा तर परवानगी हवी. इमारत साठ वर्षांहून जुनी असेल तर परवानगी 'जुनी इमारत ओळख कक्ष' देणार. नवी असेल तर ज्याने बांधली त्यानेच दुरुस्त करावी. ज्याने बांधली तो केव्हाच वर गेला होता, तेही जिन्याशिवाय. इमारतीचं साल लिहिलेलं दप्तर कार्यालयाच्या तळघरात भिजून त्याचा लगदा झाला होता. लगदा झाल्याचा दाखला मात्र अर्ज करताच मिळाला.

ऑपरेटरबाईंनी ट्रंक उपसून एक फोटो काढला. आईवडील या घरात राहायला आले त्या दिवशी वडिलांनी समोरच्या पदपथावरून घेतलेला. रस्त्यावर एक काळी, गुबगुबीत मोटार, तिच्यामागे इमारत, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत हसणारी आई आणि तिच्या कडेवर तीन वर्षांची ताई. धाकटीचा अजून पत्ता नव्हता.

कक्षाधिकाऱ्यांनी फोटोवर भिंग धरलं.

"मोटार कोणाची?"

"काय माहीत! रस्त्यात उभी होती."

"साल?"

"इमारतीचं ना? तेच तर..."

"मोटारीचं, बाई. इमारती काय, सगळ्या सारख्याच दिसतात. मोटारीचं जे साल, तेच फोटोचं साल. तज्ज्ञाकडून ओळख पटवून आणा."

"अहो, पण कडेवर माझी बहीण आहे. तीन वर्षांची. तिचा जन्मदाखला आणते, वजाबाकी तुम्हीच करा."

"माणसांवरून साल ठरत नाही," अधिकारी समजावत म्हणाले. "माणसं बदलतात."

मग बाईंनी मोबाईलवर 'जुने रस्ते, जुनी चाकं' नावाच्या गटात फोटो टाकला. गटाचे एक्केचाळीस हजार सदस्य होते. खाली लिहिलं, 'कृपया ओळख पटवून द्या. वर माझी बहीण अडकली आहे.' जेवणवेळेपर्यंत तीनशे बारा उत्तरं आली. पुढच्या जाळीच्या पट्ट्या पाच की सात यावरून दोन दीर्घकालीन मैत्र्या तुटल्या. एकाने रागारागाने गट सोडला आणि आपण गट सोडल्याचं सांगायला परत आला. 'मागे कसलंसं बांधकाम दिसतंय, पण बंपर झाकला गेला नाही हे नशीब,' असं एकाने नोंदवलं. 'गॅलरीतल्या बाई किती गोड हसतायत' असं लिहिणाऱ्या सदस्येला विषयांतराबद्दल समज देण्यात आली.

शेवटी 'कार्बोरेटर' या टोपणनावाने दरारा असलेल्या गृहस्थांनी निकाल दिला. मोटार चोपन्न सालची, मागचा दिवा पाहता शंकेला जागा नाही. त्यांनी शिक्का मारून तसं प्रमाणपत्रही दिलं. शिक्का त्यांच्याकडे होता. इतक्यात गटातले इमारतींचे एकमेव जाणकार, कमानकाका, जागे झाले. गॅलरीच्या कठड्याची नक्षी अठ्ठावन्नच्या आधी या शहरात आलीच नव्हती, असं त्यांनी पुराव्यानिशी सिद्ध केलं. बाई दोन्ही प्रमाणपत्रं घेऊन आनंदाने कक्षात गेल्या. दोन्ही सालांनी इमारत साठीपार होत होती.

अधिकाऱ्यांचा चेहरा उतरला.

"मोटार चोपन्नची, म्हणजे फोटो चोपन्नचा. इमारत अठ्ठावन्नची. बाई, न बांधलेल्या इमारतीचा फोटो तुम्ही शासनाला सादर करताय."

"मोटार चार वर्षं चालली असेल की! तुमची गाडी कधीची आहे?"

"एकोणीस वर्षं झाली. अजून घरघर नाही."

"मग आज तिच्याशेजारी तुमचा फोटो काढला, तर तो एकोणीस वर्षांपूर्वीचा धरणार?"

अधिकाऱ्यांनी विरळ केसांवरून हात फिरवला. "धरला तर वाईट नाही," ते म्हणाले आणि त्यांनी प्रत्यक्ष पाहणीचा आदेश काढला.

पाहणीच्या दिवशी ते कारकुनाला घेऊन आले. दुसऱ्या मजल्यापर्यंत चढले आणि थांबले. धोकादायक जिना चढण्यास कर्मचाऱ्यांना मनाई होती. साक्षीदाराने खाली यावं, असं त्यांनी फर्मावलं. साक्षीदार वरून ओरडली, "जिना असता तर तुम्हाला बोलावलं कशाला असतं?" तेव्हा सगळे रस्त्यावर गेले आणि ताईची साक्ष गॅलरीतून झाली.

"फोटोतलं मूल तुम्हीच?"

"मीच! याच कठड्याशी!"

"पुरावा?"

"आता कडेवर कोण घेणार मला? तुम्ही येता वर?"

कारकुनाने लिहिलं, 'साक्षीदार पुरावा देण्यास असमर्थ, सबब उद्धट.'

महिन्याभराने निकाल आला. फोटोतली इमारत आणि जागेवरची इमारत एकच असल्याचं सिद्ध होत नाही, सबब जिन्याची परवानगी नाकारण्यात येत आहे. मात्र मोटारीची ओळख निर्विवाद पटली असल्याने ती जिथे उभी होती ती जागा वारसास्थळ म्हणून घोषित करण्यात येत आहे. आठवड्याभरात इमारतीच्या दारासमोर साखळ्यांचं कुंपण आणि पितळी फलक बसला. कार्बोरेटर यांनी अनावरण केलं. साखळीच्या आत कोणतंही वाहन आणण्यास बंदी झाली.

मग रविवारी सकाळी दर्दी मंडळी येऊ लागली. रिकाम्या जागेभोवती आदराने उभी राहत आणि मागच्या दिव्याबद्दल हळू आवाजात बोलत. फोटोत दोरी मध्ये येते, अशी त्यांनी तक्रार केली. त्यावर कक्षाने आदेश काढला, की वारसादृश्यास बाधा येत असल्याने पिशवी सकाळी सातपूर्वी किंवा संध्याकाळी सहानंतरच वर जाईल.

"आता भूकसुद्धा त्यांच्या वेळापत्रकाने लावून घेते," ताई म्हणाली. हसली, पण आवाज बारीक आला. ऑपरेटरबाईंना आयुष्यभर माणसं फक्त आवाजावरून कळायची. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

एका रविवारी ताईच्या रक्तदाबाच्या गोळ्या सकाळी दहाला संपल्या. बंद दुकान उघडायला लावून बाई गोळ्या घेऊन आल्या तर खाली चाळीस माणसं कॅमेरे रोखून उभी होती आणि कक्षाचा पहारेकरी दोरीवर लक्ष ठेवून. त्याने घड्याळ दाखवलं. बाईंनी त्याला हात जोडले, मग शिव्या दिल्या. तो दोन्ही वेळा "सहानंतर" म्हणाला. चार वाजता वर काहीतरी धपकन पडल्याचा आवाज झाला आणि हाकेला उत्तर आलं नाही.

रुग्णवाहिका साखळीमुळे कोपऱ्यावरच थांबली. अग्निशमन दलाची गाडीही तिथेच. शिडी तिरकी लावून ताईला उतरवायला पाऊण तास लागला. ऑपरेटरबाई शिडीच्या पायथ्याशी उभ्या राहून "ताई, मी आहे, मी आहे" म्हणत होत्या, जणू लाइन तुटू नये. ताईची कंबर मोडली होती, पण जीव वाचला. तिने डोळे उघडून सगळ्यात आधी विचारलं, "मजला सील केला का गं?" केला होता. रुग्णवाहिका वळायच्या आत.

सुटकेचा फोटो संध्याकाळी गटात आला. अग्निशमन गाडीचं साल कोणतं, यावर नऊशे उत्तरं झाली आहेत आणि वाद अजून मिटलेला नाही.

वाचकहो, ती काळी मोटार नेमकी कोणती, हे इथे सांगितलेलं नाही, याची रुखरुख आपल्यालाही मघापासून लागली असेल. गटाचं सदस्यत्व खुलं आहे. ताईला रुग्णालयात भेटायची वेळ चार ते सहा. ती वेळ अजून कोणी विचारलेली नाही.