प्रश्न क्रमांक एक

शनिवार, दिनांक १५ मे २००४ रोजी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, टेक्सास राज्यातल्या प्लेनो गावी, अपार्टमेंट क्रमांक २११४ मध्ये श्री. यतीन सबनीस यांचा लॅपटॉप सुरू झाला नाही. त्यांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं, जरा जोरात. मग जरा लाडीगोडीने. लॅपटॉपने कशालाच दाद दिली नाही.

आता लॅपटॉप बंद पडणं म्हणजे काही जगबुडी नव्हे. पण बंद पडलेले लॅपटॉप हा यतीनचा पोटापाण्याचा धंदा होता. लॅपटॉप विकणाऱ्या एका बड्या कंपनीचं मदत केंद्र पुण्यात होतं, आणि तिथल्या मुलामुलींनी गिऱ्हाइकाशी फोनवर काय बोलायचं, किती बोलायचं आणि श्वास कुठे घ्यायचा, हे ठरवणारी एक्केचाळीस पायऱ्यांची संहिता यतीनने लिहिली होती. सोमवारी सकाळी नऊ वाजता कंपनीच्या साहेबांपुढे त्या संहितेचं सादरीकरण होतं. ते पसंत पडलं तर कंत्राट तीन वर्षांनी वाढणार. नाही पडलं तर प्रोजेक्ट बंद, व्हिसा बंद, अर्ध्यावर आलेला ग्रीन कार्डाचा अर्ज बंद, आणि सबनीस कुटुंब बाडबिस्तरा आवरून पुण्याला परत. सादरीकरण या लॅपटॉपमध्ये होतं आणि फक्त याच लॅपटॉपमध्ये होतं, कारण कामाची फाइल सीडीवर काढून ठेवायला सक्त मनाई होती. मनाईचा तो नियमही यतीननेच लिहिला होता.

सादरीकरणाचा सगळा डौल होता तो प्रश्न क्रमांक एकच्या जोरावर. पूर्वी मदत केंद्र गिऱ्हाइकाला सगळ्यात आधी विचारायचं, ‘तुमच्या भिंतीतल्या प्लगला वीज येते आहे का, हे कृपया उठून बघता का?’ हे विचारायला चौदा सेकंद लागत. यतीनने तीन महिन्यांचे कॉल घड्याळ लावून ऐकले. गिऱ्हाईक सरासरी दोन सेकंदांत ‘हो, बघितलंय’ म्हणून मोकळं होत होतं. दोन सेकंदांत खुर्चीतून उठून, भिंतीपर्यंत जाऊन, वाकून, बघून परत येणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. म्हणजे उठत कुणीच नव्हतं. यावर दोन उपाय होते: लोकांना उठवायचं, नाहीतर प्रश्न काढून टाकायचा. यतीन व्यवहारी माणूस. त्याने प्रश्न काढला, दर कॉलमागे सोळा सेकंद वाचवले आणि त्याचा छान रंगीत आलेख केला.

तर त्या शनिवारी यतीनने रीतसर मदत केंद्राला फोन लावला. घरात त्या वेळी सासरे राजाराम तेवढे होते. बायको नीलांबरी भाजी आणायला गेली होती. राजाराम चौतीस वर्षं वीज मंडळात नोकरी करून निवृत्त झालेले, आणि गुरुवारीच नागपूरहून लेकीकडे आलेले. त्यांना झोपायला खोली हवी म्हणून यतीनचं टेबल शुक्रवारी हॉलमध्ये, दाराजवळच्या भिंतीशी आलं होतं. सोफ्यावर बसून ते जावयाची धडपड शांतपणे बघत होते.

“यतीनराव, सप्लाय आहे का बघितलं?” त्यांनी विचारलं.

“बाबा, हे कंपनीचं मशीन आहे. त्याची प्रोसेस असते.”

“माझा टेस्टर असता तर आत्ता सांगितलं असतं. बत्तीस वर्षं खिशात होता. मुंबईला विमानतळावर काढून घेतला त्या पोरीनं. म्हणाली, हत्यार आहे.”

“मिळेल इथेही. बघू पुढच्या वीकेन्डला,” यतीन म्हणाला आणि त्याने फोन स्पीकरवर टाकला.

“थँक यू फॉर कॉलिंग. माय नेम इज पॅमेला,” पलीकडून आवाज आला.

तो आवाज सदाशिव पेठेतल्या पद्मजाचा होता. यतीनने मार्च महिन्यात स्वतः शिकवलेल्या तुकडीत ती पहिली आली होती. तिनेही साहेबांचा आवाज ओळखला. पण केंद्रात मराठी बोलायचं नाही, ओळख दाखवायची नाही आणि संहितेबाहेर एक शब्द काढायचा नाही, हे नियम यतीनचेच, आणि प्रत्येक कॉल रेकॉर्ड होत होता. त्यामुळे पुण्याची पद्मजा आणि पुण्याचा यतीन एकमेकांशी इंग्रजीतून, अनोळखी माणसांसारखे बोलू लागले. यतीनला मनातून तिचं कौतुक वाटलं. मुलगी तयार झाली होती.

पायरी एक ते सहा शुभेच्छांमध्ये गेल्या. सातव्या पायरीला बॅटरी काढून, बटण तीस सेकंद दाबून धरून, बॅटरी परत बसवायची होती. यतीनने ते केलं. काही झालं नाही. अकराव्या पायरीला लॅपटॉपला कान लावून आतला पंखा फिरतो का ते ऐकायचं होतं. यतीन टेबलावर गाल टेकून पाच मिनिटं पडून राहिला.

“दुसऱ्या प्लगात घालून बघा की हो. स्वयंपाकघरात चांगले चार आहेत,” राजाराम म्हणाले.

यतीनने गाल न उचलता फोनच्या तोंडावर हात ठेवला. “बाबा, एकदा तक्रारीचं तिकीट ओपन झालं की मशीन जागेवरून हलवायचं नसतं. क्लॉज नाइन.”

“कोणी सांगितलं?”

“मीच लिहिलंय ते.”

राजारामांनी मान डोलावली. मंडळात त्यांनीही पुष्कळ परिपत्रकं पाहिली होती.

सतराव्या पायरीला पडद्यावर टॉर्च मारून आत पुसटसं चित्र दिसतं का ते बघायचं होतं, आणि त्यासाठी खोलीत अंधार पाहिजे होता. टेक्सासातल्या मे महिन्याच्या सकाळी अकरा वाजता अंधार आणायचा कुठून? यतीनने पलंगावरची रजई आणली, लॅपटॉप आणि टॉर्च यांच्यासकट स्वतःला गुंडाळून घेतलं आणि आतून घुसमटलेल्या आवाजात पॅमेलाला सांगितलं की चित्र दिसत नाही. पॅमेलाने संहितेप्रमाणे त्याच्या सहकार्याबद्दल आभार मानले. तेवढ्यात नीलांबरी भाजीच्या पिशव्या घेऊन आत आली. रजईच्या ढिगाकडे बघून तिने वडिलांकडे बघितलं.

“प्रोसेस चालू आहे,” राजाराम म्हणाले.

तेहतिसाव्या पायरीच्या पुढे पॅमेला अडखळली. संहितेत तिथे ‘ग्राहकास धीर द्या’ एवढंच होतं. पण तिने आवाज खाली आणला आणि चक्क संहिता सोडली.

“सर, एक विचारू का? तुमच्या वॉल प्लगला पॉवर आहे ना?”

“तो प्रश्न आता स्क्रिप्टमध्ये नाही,” यतीन कडक आवाजात म्हणाला.

“माहीत आहे सर. तरीपण.”

यतीन अडाणी नव्हता. त्याच्या मनात एक शंका आली. अमेरिकेतल्या कित्येक घरांत दाराशी एक बटण असतं, आणि त्याने हॉलमधला एखादा प्लग चालू-बंद होतो. टेबल हलवल्यावर लॅपटॉप नेमका त्याच प्लगात आला होता. म्हणून तर शुक्रवारी संध्याकाळी त्याने बटणाखाली पाटी लावली होती: ‘हे बटण कायम चालू ठेवावे. आवृत्ती १.०.’ सासऱ्यांसाठी मराठीत, लॅमिनेट करून.

बटण खुर्चीच्या मागे चार पावलांवर होतं. यतीनने मान अर्धी वळवली.

“बाबा, ते दारातलं बटण चालू आहे ना?”

“चालू आहे. पहाटे मीच केलं.”

“हो, बघितलंय,” यतीनने फोनमध्ये सांगितलं. त्याला बरोबर दोन सेकंद लागले.

एक्केचाळिसाव्या पायरीला लॅपटॉप अधिकृतरीत्या मरण पावला. पॅमेलाने शोक व्यक्त केला आणि पुढची व्यवस्था सांगितली: सोमवारी सकाळी आठ वाजता माणूस येऊन यंत्र घेऊन जाईल, आणि ग्राहकाच्या सुरक्षिततेसाठी आतली सगळी माहिती पुसली जाईल.

यतीनने फोन उचलून तोंडाशी धरला. “माहिती पुसू नका. त्यात माझं प्रेझेंटेशन आहे.”

“सर, त्यासाठी प्रोसेस ओनरचं स्पेशल अप्रूव्हल लागतं.”

“प्रोसेस ओनर मी आहे.”

“हो सर. अप्रूव्हलची मेल तुम्हाला पाठवली आहे. तुमच्या लॅपटॉपवर दिसेल.”

नियमात फट कुठे आहे हे यतीन शोधत होता, आणि फट नव्हती. नियम उत्तम लिहिला होता. आपण इतकं चांगलं काम केलं आहे याचं त्याला आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाईट वाटलं.

रविवार यतीनने सोफ्यावर, छताकडे बघत काढला. सात वर्षं, दोन गाड्या, एक अर्धवट ग्रीन कार्ड, आणि परत जाऊन आईला काय सांगायचं हा प्रश्न. राजाराम एकदा जवळ येऊन बसले. “होतं असं नोकरीत. आमच्याकडे तर अख्खं सबस्टेशन गेलं होतं,” ते म्हणाले. त्यांना जावयाबद्दल खरोखर वाईट वाटत होतं.

दुपारी चार वाजता नीलांबरीने व्हॅक्युम क्लीनर काढला. लोक रडोत की हसोत, रविवारी घर झाडलं गेलंच पाहिजे, असं तिचं मत होतं. तिने लॅपटॉपच्या शेजारच्या भोकात पिन घातली. क्लीनर हूं की चूं करेना. ती मदत केंद्राला फोन करणाऱ्यांतली नव्हती. सरळ दाराशी गेली आणि बटण वर ढकललं. क्लीनर घरघरला. टेबलावरच्या लॅपटॉपचा हिरवा दिवाही लागला.

“अगं नीला,” राजाराम सोफ्यावरून म्हणाले, “चालू बटण बंद का केलंस? खाली पाटी लावलीय ना.”

“बाबा, इथे वर म्हणजे चालू. खाली म्हणजे बंद.”

राजाराम उठले. बटणापाशी जाऊन त्यांनी चष्मा वर केला आणि बराच वेळ बघितलं. चौतीस वर्षं ज्या देशाला त्यांनी वीज पुरवली होती, त्या देशात बटण खाली केलं की दिवा लागतो. शनिवारी पहाटे पाच वाजता जेट लॅगमुळे जाग आल्यावर त्यांनी पाटी वाचली, बटण वर आहे, म्हणजे बंद आहे, असं पाहिलं, आणि जावयाच्या आदेशाप्रमाणे ते खाली करून चालू केलं. रात्रभर सुरू ठेवलेल्या लॅपटॉपने मग दोन तास बॅटरीवर काढले आणि डोळे मिटले.

“उलटा देश आहे,” राजाराम म्हणाले. “माझी चूक झाली, यतीनराव.”

“नाही हो बाबा,” यतीन म्हणाला. लॅपटॉपवर सादरीकरण उघडून तो पानं मोजत होता आणि त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

सुटलो म्हणून भागणार नव्हतं. तिकीट उघडं होतं, आणि सकाळी आठला माणूस दारात येणार होता. यतीनने फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती, पण पद्मजा ड्यूटीवरच होती.

“यंत्र चालू झालंय. तिकीट बंद करा.”

“अभिनंदन सर. बिघाडाचं कारण?”

“भिंतीतलं बटण.”

पलीकडे कीबोर्ड वाजला. “यादीत नाही सर. तो पर्याय प्रश्न क्रमांक एकबरोबरच काढून टाकला.”

“मग काय काय आहे यादीत?”

तिने सत्तावीस कारणं वाचून दाखवली. यतीनने त्यातलं बाविसावं निवडलं: ‘संहितेचे काटेकोर पालन केल्यामुळे यंत्र पूर्ववत झाले.’ तिकीट बंद झालं.

सोमवारी सादरीकरण दणक्यात झालं. मृत घोषित केलेला लॅपटॉप एकही सुटा भाग न बदलता तीस तासांत जिवंत झाल्याचं उदाहरण यतीनने स्वतःच्या नावासकट दिलं. साहेब म्हणाले, हे पाहिल्यावर काही बोलायलाच नको. कंत्राट तीन वर्षांनी वाढलं. प्रश्न क्रमांक एक आणखी अकरा देशांतून काढण्यात आला. ग्रीन कार्डाचा अर्ज पुढे सरकला.

बुधवारी गुणवत्ता विभागाकडून एक कागद सहीसाठी आला. कर्मचारी पॅमेला हिने शनिवारच्या कॉलमध्ये संहितेबाहेरचा प्रश्न विचारल्याचं रेकॉर्डिंगमध्ये आढळलं होतं, सबब तिची बढती सहा महिने पुढे ढकलण्याची शिफारस होती. यतीनने शेरा लिहायला पेन उघडलं. प्रश्न बरोबर होता, हे लिहायचं तर आपलं उत्तर चूक होतं, हेही लिहावं लागलं असतं. त्याने सही केली. घरी येऊन पाटीची नवी आवृत्ती छापली: ‘वर म्हणजे चालू. आवृत्ती १.१.’ त्या संध्याकाळी तो फारसा जेवला नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं.

वाचकहो, यतीनला नावं ठेवायला हरकत नाही. पण त्याने घड्याळ लावून ऐकलेले ते कॉल कुणाचे होते, तेही आठवा. दोन सेकंदांत, बुड न हलवता, ‘हो, बघितलंय’ म्हणणारी माणसं त्याने काही कारखान्यात बनवली नव्हती. कागदावर ‘वरील सर्व वाचले’ असं लिहून आपण सही करतो, ‘गॅस बंद केलास का’ या प्रश्नाला पायात चप्पल घालता घालता उत्तर देतो, आणि शेजाऱ्याची चौकशी जिन्यातूनच उरकतो. तुमचंही काही बंद पडलं आणि तुम्ही मदत केंद्राला फोन केलात, तर आता हा प्रश्न तुम्हाला कुणी विचारणार नाही. जिला विचारावासा वाटला होता, ती आता शहाणी झाली आहे.