बंगईची पाठवणी

आमच्या शेजारचे आबा कुठलीही वस्तू बाहेरगावी पाठवायची असली, की आधी तिच्या कानात पत्ता सांगतात. हंड्याला, कढईला कान असतात, तिथवर ठीक. पण एकदा मी त्यांना गादीच्या कोपऱ्याशी तोंड नेऊन "पाचोरा, स्टेशनमागे, साडूभाऊंकडे" असं पुटपुटताना पाहिलं.

"आबा, गादीला कसला आलाय कान?"

"ज्याले ऐकनं शे, त्याले कान ऱ्हातसच, ताई," आबा म्हणाले आणि दाभण घेऊन गोणपाट शिवायला बसले.

जामनेरच्या भाच्याला लग्नात दिलेलं कपाट टेम्पोवाल्याच्या घाईमुळे पत्ता न सांगताच गेलं होतं. वाटेत टेम्पो बंद पडला, दुसरा केला तर तो पंक्चर झाला, आणि संध्याकाळी कपाट रुसलेल्या पाहुण्यासारखं धुळ्याला परत! आबांनी त्याच्या दाराशी वाकून पत्ता सांगितला. दुसऱ्या खेपेला ते सरळ पोचलं. "सांगं नही, म्हनीसन परत उनं," हा आबांचा निकाल. दोन्ही टेम्पो भंगारात काढायच्या लायकीचे होते, हे सांगायची माझी छाती झाली नाही.

आमची दोन्ही घरं एका भिंतीची. भिंतीपलीकडे त्यांची बंगई. पुण्याकडचे लोक हिला झोपाळा म्हणतात. सागवानी फळी आणि पितळी कड्या. दुपारचा चहा झाला, की आबांची बायको, सिंधूअक्का, त्या बंगईवर बसायच्या आणि इकडे मला कुर्र... कुर्र... ऐकू यायचं. त्या आवाजावर मी घड्याळ लावायचे. गेल्या वर्षी अक्का गेल्या. आवाज मात्र गेला नाही. आबा बसत असतील, असं मी धरून चालले. माणूस बायकोच्या जागी जाऊन बसतो, त्यात काय नवल?

मग एकदा ऐन वैशाखात मी पिठाच्या गिरणीवर गेले. माझ्या मागेच आबांचा नंबर. माझं दळण झालं, मी घरी आले, तर भिंतीपलीकडे कुर्र... कुर्र. आबा तर गिरणीवर! मी त्यांच्या खिडकीतून डोकावले. पंखा बंद होता. अंगणातल्या लिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं. बंगई मात्र सावकाश पुढे जात होती, मागे येत होती. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी पिठाचा डबा तिथेच टाकून मी घर गाठलं.

थोड्या वेळाने आबा डबा घेऊन आले. "घाबरी गयात का? तीच शे," ते म्हणाले. दूधवाला आलाय, असं सांगावं त्या सुरात.

तर ही बंगई आबांनी सुरतेला पाठवायची ठरवली. त्यांची एकुलती एक लेक मनी तिथे तिसऱ्या मजल्यावर राहते. तिचं पहिलं बाळंतपण. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. पण डॉक्टरांनी तिला प्रवासाला साफ बंदी केलेली. आणि शेवटच्या दुखण्यात अक्कांनी मनीचा हात धरून म्हटलं होतं, "तुनं बाळंतपण मीच करसू." हे माझ्यासमोरचं. मनीचे दिवस भरत आले होते आणि फोनवर ती नुसती रडत होती. अक्का दिला शब्द मोडणाऱ्या नव्हत्या आणि आबा त्यांना मोडू देणारे नव्हते.

सुताराकडून लाकडी पेटी करून घेतली. तिला आबांनी हट्टाने फटी ठेवायला लावल्या. कड्या अक्कांच्या जुन्या लुगड्यांत गुंडाळल्या. मग फळीशी वाकून पत्ता, आणि पत्त्याबरोबर सगळा रस्ता. "साक्री, मंग नवापूर, मंग बारडोली. कोंडाईबारीना घाटमा डोळा मिटी ले, तुले मळमळस."

पेटीवर लाल रंगात लिहिलं, 'उलटं करू नये. आत बाई शे.' न्यायला आलेला ट्रान्सपोर्टचा माणूस ते वाचून हादरला.

"आबा, पार्सलमध्ये माणूस चालत नाही."

"मंग तिनं तिकीट काढू का?"

आत फक्त बंगई आहे, हे मी शपथेवर सांगितलं तेव्हा कुठे तो मवाळ झाला. पण पेटी उचलेना. फ्रिज आणि गोदरेजची कपाटं पाठीवर वाहणारे चार हमाल घामाघूम झाले. पेटी जागची हलली नाही. त्यातला एक जण एकदम हात काढून मागे सरला. आतून कुर्र आवाज आला म्हणे. चौघेही 'चहा घेऊन येतो' म्हणून जे सटकले, ते रस्त्यापलीकडच्या टपरीवर जाऊन बसले.

आबा उंबऱ्यावर बसले. चेहरा पार उतरला होता. "पोर वाट दखी राहिनी वं," पेटीला हात लावून ते म्हणाले. मग एकदम त्यांनी कपाळावर हात मारला.

"ताई, ओटी! रिकामी ओटीनी ती पोरना घर कशी जाई?"

पुरुषाने ओटी भरायची नसते. मी घरून तांदूळ, नारळ, खण आणला. पेटीला हळदकुंकू लावलं. लाकडाची ओटी भरताना खरं तर मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. नारळ ठेवायला मी वाकले आणि पेटी माझ्याकडे बोटभर सरकली, पदर पुढे करावा तशी. हमाल तेव्हा पलीकडे चहा पीत होते.

ते परत आले आणि पेटी दोघांनीच उचलली.

दोन दिवसांनी मनीचा फोन आला. बंगई टांगली होती. दुपारी तिचा आवाज ऐकता ऐकता मनीला कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली होती. आबांनी साऱ्या कॉलनीला पेढे वाटले.

पेटी गेल्यापासून भिंत गप्प होती, त्या दुपारीही. एरवी मला त्या आवाजाची भीती वाटायची. आता तो नाही म्हणून जीव घाबरा झाला. तेवढ्यात आबा दारात आले. हातात आपला रिकामा कप.

"आज तुमनाकडेच चहा पेसू, ताई. घरमा कोनीच नही."

वर्षभर आम्ही सगळे त्यांना एकटे समजत होतो. ते एकटे झाले होते पेटी गेली त्या दिवशी, आणि तेही स्वतःच्या हाताने बांधून, पत्ता सांगून. मी चहात साखर जरा जास्तच टाकली.

दुसऱ्या दिवशी मी आमची जुनी डुलती खुर्ची माळ्यावरून काढली, भिंतीला लावली आणि चहाच्या वेळी बसून डुलायला लागले. कुर्र, कुर्र, कुर्र.

थोड्या वेळाने पलीकडून भिंतीवर बोटं वाजली आणि आबांचा आवाज आला, अगदी जवळून, कानात पत्ता सांगावा तसा.

"जरा हळू, ताई. तिना झोका हळू ऱ्हाये."