रायबाची गाडी आणि बेचाळीस पेढे

एका जंगलात रायबा नावाचे एक साळिंदर राहत होते. जंगल कुठले ते विचारू नका, मुलांनो. तिथे वाघ होता का? होता. पण तो सारखा दौऱ्यावर असे, त्यामुळे या गोष्टीत त्याचा काही उपयोग नाही.

रायबा कंद उकरून विकत असे. त्याची बायको भागी कंद धुवायची, निवडायची, पाट्या भरायची. बाजार मात्र पार डोंगरापलीकडे. तिथवर माल न्यायचा तर दंताजी रानडुकराच्या गाडीतून. दंताजी भाड्यापोटी अर्धी पाटी घेई आणि उरलेल्या अर्धीतले निम्मे कंद वाटेत नुसते चाखून बघे.

"आपली गाडी असती तर चार पैसे उरले असते," भागी म्हणायची. "बीळ तरी उंचावर खोदून घेतलं असतं. पाणी शिरलं की पिल्लं माझ्या पाठीवर चढून बसतात. साळिंदराच्या पाठीवर! काय हाल होतात त्यांचे, बघवत नाही हो."

रायबालाही ते बघवत नसे. पण त्याची पत खराब होती.

आता पत म्हणजे काय ते नीट ऐका. वडाच्या ढोलीत घुबडसाहेबांची पतपेढी होती. तिथल्या वहीत प्रत्येक प्राण्याच्या नावापुढे एक आकडा लिहिलेला असे. आकडा मोठा असला की साहेब चहा मागवत. आकडा लहान असला की साहेब डोळे मिटत. घुबडाने दिवसाढवळ्या डोळे मिटले की कामकाज संपले.

रायबाने जन्मात कर्ज काढले नव्हते. मग त्याचा आकडा पडला कसा? तो मेहुण्याला जामीन राहिला होता. मेहुण्याने बोरांचे दुकान काढले, बोरे स्वतःच खाल्ली आणि शेजारच्या जंगलात निघून गेला. बिचाऱ्या रायबाने त्याचे सगळे हप्ते भरले. फक्त दोन हप्त्यांना उशीर झाला. साहेबांनी उशीर तेवढा लिहून ठेवला. हप्ते भरल्याचे लिहायला त्यांच्याकडे शाई उरली नव्हती.

त्या दिवशी रायबाने भागीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. काटे असल्यामुळे हात जरा वरच धरला होता, पण शपथ खरी होती.

"आता मी कुणाला जामीन राहणार नाही. आणि माझ्यासाठी जामीन राहा असंही कुणाला म्हणणार नाही. आपल्यापायी दुसऱ्याचं नाव खराब झालं, तर मी या जंगलात तोंड दाखवणार नाही."

म्हणून गाडीच्या कर्जासाठी घुबडसाहेबांनी "दोन जामीनदार आणा" म्हटले, तेव्हा रायबा म्हणाला, "तेवढं सोडून बोला, साहेब."

साहेबांनी डोळे मिटले.

परत येताना ओढ्याकाठी त्याला एक पाटी दिसली. 'पत खराब? तरी गाडी! तुमच्याच ओढ्याजवळ, आपल्या माणसाकडून!' पाटीखाली कोल्हाशेठ बसले होते. त्या जंगलात सात ओढे होते आणि सातही ओढ्यांवर हीच पाटी होती. कोल्हाशेठ सगळीकडचे आपले माणूस होते.

"या, रायबाशेठ!" कोल्हाशेठ म्हणाले. रायबाला शेठ असे आजवर कुणी म्हटले नव्हते. तो तिथेच निम्मा विरघळला.

"शेठ, माझी पत..."

"पत विचारायला मी काय घुबड आहे? मी डोळे बघतो. तुमचे डोळे फस्क्लास आहेत. ही गाडी बघा. बगळे गुरुजींची आहे. फक्त रविवारी तळ्यापर्यंत जायची."

"पण बगळ्यांना उडता येतं ना? त्यांना गाडी कशाला?"

"म्हणूनच तर इतकी कमी चाललीय!"

रायबाला हे पटले. तुम्हाला नाही पटले?

"जामीनदार किती लागतील?" त्याने भीत भीत विचारले.

"एकही नको."

रायबाच्या अंगावर काटा आला. म्हणजे होताच, पण तो उभा राहिला.

"फक्त एक रीत आहे," कोल्हाशेठ म्हणाले. "गाडीची पूजा आमच्या मांडवात करायची. सगळ्या जंगलाला बोलवायचं. पेढे आमच्याकडून."

एवढा दिलदार सावकार रायबाने पाहिला नव्हता. त्याने आणि भागीने दारोदार जाऊन आमंत्रणे केली. पूजेला अस्वल आले, ससे आले, मोर आला, दंताजी आला. स्वतः घुबडसाहेबही आले. कर्ज नाकारणे वेगळे आणि पेढा नाकारणे वेगळे.

भागीने गाडीला हळद-कुंकू लावले. चाकाखाली लिंबू ठेवले. ज्याने त्याने पेढा उचलला की कोल्हाशेठ एक जाडजूड वही पुढे करत. "शुभेच्छा-वही आहे. पेढा खाल्ला की इथे पंजा उठवायचा. रायबाशेठना आठवण राहील."

वहीच्या माथ्यावर बारीक अक्षरात एक ओळ होती. इतकी बारीक की फक्त मुंग्यांना वाचता आली असती, पण मुंग्या पेढ्यांच्या चुऱ्यात गुंतल्या होत्या. घुबडसाहेबांनी आयुष्यभर दुसऱ्यांना कागद नीट वाचायला लावले होते. पण पूजा भरदुपारी होती आणि भरदुपारी त्यांना काही दिसत नसे. त्यांनी अंदाजाने पंजा उठवला. दंताजीने दोन पेढे खाल्ले आणि दोनदा पंजा उठवला. एकूण पंजे झाले बेचाळीस.

गाडी चालली. खोटे कशाला बोलायचे? चांगली तीन बाजार चालली. सीटची काट्यांनी चाळण झाली, पण कंद मात्र अख्खेच्या अख्खे बाजारात पोचले. पहिल्यांदाच पाट्यांचे पुरे पैसे हातात आले. भागीने उंचावरची जागा बघून ठेवली. एका घुशीला खोदाईचा विसारही दिला. त्या आठवड्यात रायबा बिळाबाहेर बसून उगीचच हसत असे.

चौथ्या बाजाराला घाटात गाडी खोकली आणि उभी राहिली. रायबाने बॉनेट उघडले. आत मैनेचे घरटे होते. इंजिनातली तीच एक वस्तू धडधाकट होती. दंताजीने गाडी ओढून आणली आणि अख्ख्या दोन पाट्या घेतल्या. मग एक हप्ता थकला. मग दुसरा थकला.

मग दोन लांडगे आले. वसुलीवाले होते, पण बोलायला फार गोड.

"दादा, गाडी नेतो," एक लांडगा म्हणाला.

"न्या बाबा," रायबा म्हणाला. "चूक माझी आहे. उरलेलं मी पाठीवर कंद वाहून फेडीन."

"तुम्ही कशाला त्रास घेताय? उरलेलं जामीनदार देतील की."

"माझ्या कर्जाला जामीनदार नाहीत."

लांडग्याने वही उघडली आणि भिंगातून माथ्यावरची ओळ वाचून दाखवली. 'आम्ही खाली पंजा उठवणारे, सदर गाडीच्या कर्जास पेढा खाऊन जामीन राहत आहोत.'

रायबाने वहीतले पंजे मोजले. मेहुण्याने एकाला बुडवले होते. याने बेचाळीस पंजे बुडवले होते, तेही घरी जाऊन, हात जोडून, बोलावून आणून.

संध्याकाळपर्यंत सगळे जंगल त्याच्या बिळासमोर जमले. थकलेले हप्ते नावावर चढून सगळ्यांचे आकडे पडले होते. सगळ्यात पुढे दंताजी होता, त्याचा आकडा दोनदा पडला होता.

"पेढा चारून गळा कापलास!" दंताजी ओरडला.

अस्वलाने दगड उचलला. भागी दारात आडवी झाली. "मारायचं तर मला मारा! आमंत्रणाला मीही फिरले होते."

रायबा तिला बाजूला करून पुढे आला. त्याचे सगळे काटे आडवे झाले होते. "मला ठाऊक नव्हतं हो," तो म्हणाला. त्याला रडू फुटले. "पण तुमची नावं माझ्यामुळे गेली. एकेकाचं फेडीन. फेडून होईपर्यंत कुणाला तोंड दाखवणार नाही..."

तेवढ्यात ओढ्याकडून भोंगा वाजला.

"पत खराब झाली? चिंता नको! आजच्या आज गाडी! जामीनदार नको! तुमच्याच ओढ्याजवळ, आपल्या माणसाकडून!"

अस्वलाने दगड खाली ठेवला. ससे एकमेकांकडे बघू लागले.

"चौकशी करायला काय हरकत आहे?" मोर म्हणाला.

"नका जाऊ!" रायबा ओरडला. "पूजा करायला सांगतील! पेढे खाऊ नका!"

पण ऐकायला कोण थांबले होते? बघता बघता सगळे जंगल ओढ्यावर रांगेत उभे राहिले. दंताजीने तर आपली चालती गाडी तिथे देऊन बगळे गुरुजींची पसंत केली, कारण ती कमी चाललेली होती.

रायबा धावत रांगेपाशी गेला. एकेकाचा हात धरून विनवू लागला. रांगेत सगळ्यात शेवटी पंखांत तोंड लपवून कुणीतरी उभे होते. ते घुबडसाहेब होते. पत खराब झालेल्या प्राण्याला पतपेढीत बसता येत नाही, असा त्यांचाच नियम होता. दुपारीच त्यांनी स्वतःला काढून टाकले होते.

"साहेब, तुम्ही तरी?" रायबा म्हणाला.

साहेबांनी इकडेतिकडे पाहिले आणि ते हळूच म्हणाले, "रायबाशेठ, तुमची आत ओळख आहे ना? जरा पुढे घ्यायला सांगा की."

रायबा घरी येऊन बिळाच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला.

"मी जंगलात तोंड दाखवणार नाही," तो म्हणाला.

"तोंड चुकवावं असं आता उरलंय कोण?" भागी म्हणाली. "उठा. बिळात पाणी शिरलंय, पिल्लं भिजतायत, त्यांना जरा वर धरा."

तात्पर्य: आपली पत खराब झाली तर लाजून घरात बसू नये. सगळ्यांना बोलावून पेढे वाटावेत. म्हणजे सगळ्यांची पत सारखी होते आणि नावे ठेवायला कुणी शिल्लक राहत नाही.