बटन नसलेली खोली

नानांच्या खोलीत दिव्याला बटन न्हवतं. पंख्याला हुतं, रेडिओला हुतं, दिव्याला न्हाई. आन् ज्यानं सारा जलम कोयनेच्या पावरहाऊसात वायरमनकी केली, त्या मानसाच्या घरात ही तऱ्हा! मी पैल्यांदा गेले तवा तिन्हीसांज झाली हुती. भित्ताड चाचपत हुबी ऱ्हायले. आतनं नाना म्हनले, "आक्का, थांबा वाईच. उजेड यायला लागलाय."

मी म्हनलं, "कुठनं यायला लागलाय? कोयनेस्नं यस्टीनं?"

"शिस्तीत येतोय," नाना म्हनले. "डायरेक काय बी करायचं नसतंय."

आमी शेजारी. सांगलीत हळदीच्या वखारीमागं सा खोल्या, सा घरांत एक नळ. मी मान तालुक्यातली, दहिवडीकडची. तिकडं पाऊस आला तर आला. घरधनी म्हमईला गिरनीत गेलं, दोन वर्सं पत्रं धाडली, मग पत्रं बी थांबली आन् त्ये बी. मी बोचकं उचललं आन् वखारीत हळद निवडाय आले. हात पिवळं झालं त्ये पिवळंच ऱ्हायलं. त्यात सांगन्यासारखं काय न्हाई. सांगायचं हाय त्ये नानांचं.

नाना रिटायर झालं आन् मालनवयनीला घिऊन आमच्या शेजारच्या खोलीत आलं. सामान म्हंजी एक बाज, चार भांडी, आन् काचंची ही मोठी पेटी. पेटीत पानी, पान्यात दोन तांबडं मासं. पेटीवर लाकडाची फळी, आन् फळीला खालनं डाळिंबाच्या दान्याएवढालं दिवं, वळीनं लावल्यालं, एक वळ तांबडी, एक पिवळी. "एलईडी म्हनत्यात, आक्का," नानांनी सांगितलं. मी म्हनलं, म्हनत आसतील.

त्या दान्यांच्या वायरी जायच्या एका गजराच्या घड्याळाला. घड्याळाची काच काढल्याली, आकड्यांवर पितळंच्या पट्ट्या ठोकल्याल्या. काटा सरकत पट्टीवर आला की टक! तांबडी वळ पेटायची. आजून सरकला की टक, पिवळी वळ. मग आजून एकदा टक, आन् एक बारका पांढरा बलब. आर्ध्या तासानं खोलीत मानूस वळखू यायचं. खोलीला दुसरा दिवाच न्हवता. छताचा बलब नानांनी पैल्या दिवशीच उतरवला आन् बटन बी उपटलं. पावनं आलं की अंधारात बसायचं आन् आवाजावरनं कोन कोन हाय त्ये वळखायचं.

खाली लोखंडी इष्टूल, त्याच्यावर जुन्या रेडिओतला जड डबा. नाना समजवायचं, "घरातली लाईट म्हंजी बैल. ह्या बारक्या दान्यांम्होरं बैल सोडला तर जळून जातील. ह्यो डबा बैलाचं कोकरू करतोय."

"आन् लोडशेडिंग झाल्यावर?"

"तवा इस्कूटरची बॅटरी. तिच्यात कोकरूच आसतंय."

ह्ये सगळं कशापायी? मासं दचाकत्यात म्हनून! डायरेक उजेड पडला की काचंवर डोस्की आपटत्यात म्हनं. मालनवयनी बी मान हलवायच्या. "लय भित्री हायती, आक्का."

माझी मात्र पंचाईत झाली. दिवा लागला की हात जोडायचं, ह्ये आमच्या हाडात. आता तांबडी वळ म्हंजी दिवा लागला का न्हाई? एकदा मी तांबडीला हात जोडलं. मग वाटलं, आर्ध्यात सोडलं तर बरं न्हाई. तशीच हुबी. पायाला मुंग्या आल्या. म्हनलं, "नाना, सोडू का हात?"

"दम धरा. आजून पिवळी यायची हाय."

नानांचं बोलनं बी तसंच, वळीवळीनं. एकदा दुपारी दारात आलं. "आक्का, आदी बसा." मी बसले. "आता पानी प्या." मी प्याले. "आता आयका. यस्टीडी बूथवर दहिवडीस्नं फोन आल्ता." इतक्या वर्सांनी घरधन्याचं काय कळलं का काय? मी कपाळावरचं कुंकू चाचपलं. नाना म्हनले, "निरोप बरा हाय." मग थांबले. मग म्हनले, "तुमच्या भावाच्या शेळीला तीन करडं झाली."

मी म्हनलं, "आवं नाना, चौथं करडू हितं मेलं आस्तं की!"

तर आसं चाललं हुतं. मग एक दिस सकाळी मी नळावर गेले. तांब्याची घागर लावली, तोटीला हात घातला, आन् खांद्यापत्तूर कुनीतरी वढल्यागत झालं. घागर एकीकडं, मी एकीकडं. मला वाटलं इच्चू चावला. मागनं शेजारची शेवंता आली, तिनं हात लावला, ती बी बोंबलली. तिची सासू म्हनली, ह्या पोरी सोंगं करत्यात, आन् पुढं झाली. म्हातारी जी उडाली, ती थेट कपडं धुवायच्या दगडावर बसली.

नाना टेस्टर घिऊन आलं. तोटीला लावला. टेस्टर पेटला. नानांचं त्वांड मात्र काळंठिक्कर पडलं.

केलं हुतं त्यांनीच. लोखंडी इष्टुलाची आर्थिंगची वायर नळाच्या पाइपाला बांधली हुती. नळ भुईत गेलाय, करंट बी भुईत जाईल, आसा हिशेब. पर म्हयन्यामागं घरमालकांनी भुईतला पाइप बदलून पलास्टिकचा टाकला, त्ये नानांच्या ध्यानातच आलं न्हाई. आन् पेटीचं पानी झिरपून त्यो कोकरू करनारा डबा भिजला हुता. बैल सुटला, भुईत जायला वाट घावंना, म्हनून आमच्या तोटीला येऊन बसला. एवढं मोठं पावरहाऊस सांभाळल्याला मानूस, आन् चूक केली ती नळावर!

बायकांनी कालवा केला. मालक आलं. गुळाचं व्यापारी, बोलनं मात्र मिरचीचं. म्हनले, "नाना, माशांची पेटी न्हाईतर खोली. ऐतवारपत्तूर दोन्हीतलं एक सोडा. हितं कोन मेलं तर माझ्या गळ्यात फास."

आमाला वाटलं, पेटी जानार. नाना म्हनले, "खोली सोडतो."

डायरेक म्हनले! पानी प्या न्हाई, बसा न्हाई. आमी आ वासून बघाय लागलो. ह्या वयात कुठं जानार? मालनवयनीला जिना चढवत न्हाई, तळाची खोली सांगलीत कोन देतंय? मी लय बोलले. "आवं, दोन माशांपायी बायकूला रस्त्यावर काढताय?" नाना वायरी सोडत बसलं. वर बघितलं न्हाई.

त्या दिसांत पेटी अंधारातच हुती. नाना तिन्हीसांजंला कंदील लावायचं. त्यो बी पैला परड्यात पेटवायचं, वात बारीक करायचं, मग आत आनायचं. मला वाटलं, येडंच लागलंय.

ऐतवार आला. बोचकी बांधून झाली हुती. वयनी बाजंवर पडल्या पडल्या निजल्या हुत्या. नाना कंदील पेटवायला मागं गेलं, आन् तेवढ्यात मालक दारात आलं. आत काळोख. मालकांनी खिशातनं बॅटरी काढली आन् खटकन् झोत टाकला. झोत पडला वयनींच्या तोंडावर.

काय वरडल्या, आयाया! माझ्या हातातला तांब्या पडला. ज्या बाईला जिना चढवत न्हाई, ती उंबरा एका टांगंत वलांडून अंगनात! "पत्रा गेला! भायेर पळा, पत्रा गेला!" मी कवळ्यात धरलं. मालकांची बॅटरी तशीच पेटल्याली, कुठं लावू कळंना.

नाना धावत आलं. त्यांनी वयनींच्या डोईवर हात ठेवला. "मालन, छप्पर हाय बघ. ही सांगली हाय." मग त्यास्नी वरडनं आयकून आल्याल्या शेवंताकडं दिऊन मालकास्नी आत नेलं. मी दाराशीच ऱ्हायले, मला सगळं आयकू आलं.

"कोयनेला वसाहतीत ऱ्हात हुतो," नाना म्हनले. "थोरल्या भूकंपामागनं बी धक्के यायचं. त्या दिशी ही थोरल्या भूकंपामागनं बी धक्के यायचं. त्या दिशी ही दुपारची निजली हुती. खोली आंधारी. भुई हालली, आन् वरचा पत्राच सरकून गेला. हिनं डोळं उघडलं तर समदं ऊन अंगावर. मी कामावर, भुईखालच्या पावरहाऊसात. तवाधरनं डायरेक उजेड पडला की हिला वाटतंय, छप्पर गेलं."

"मग ती मासं..."

"बायकू भितीया म्हनून चार लोकांत सांगितलं, तर तिला त्वांड दाखवायला जागा न्हाई. म्हनून मासं आनलं. मासं भित्यात म्हनल्यावर कोन हसत न्हाई."

उजेड दबावा म्हनून बॅटरीवर टोपी धरून मालकांनी पेटीत बघितलं. वाकून बघितलं. "आवं नाना, पर ह्यात मासं कुठायत?"

"हळू बोला," नाना म्हनले. "उन्हाळ्यातच मेलं दोन्ही. तिला नजरंचं नीट दिसत न्हाई. दगडामागं हायती म्हनून सांगितलंय."

जी मासं न्हाईतच, त्यांच्यापायी ह्यो मानूस खोली सोडाय निघाला हुता!

मालकांनी बॅटरी इझवून खिशात घातली. मग मालक म्हनले, "त्या आर्थिंगला काय काय लागतंय?"

"खड्डा. तांब्याची पट्टी. कोळसा आन् मीठ."

दुसऱ्या दिशी मालक मिठाचं पोतं घिऊन आलं. नानांनी अंगनात कमरंएवढा खड्डा खांदला, पट्टी पुरली, वर कोळसा आन् मीठ. भुईच्या तोंडात मीठ घालताना मी जन्मात पैल्यांदा बघितलं. नळावरची वायर सोडली. डबा बी बदलला. बायका आठवडाभर तोटीला लाकडानं शिवत हुत्या, मग सोडलं.

पेटी परत पेटली त्या सांजंला मी वयनीपाशी बसले हुते. तांबडी वळ आली. वयनींनी डबीतलं माशांचं दानं चिमटीत घेतलं आन् रिकाम्या पान्यात हळूहळू सोडलं. माझ्यानं बघवंना. मी मान फिरवली.

"आक्का, त्वांड का पाडलंय?" वयनी बारीक आवाजात म्हनल्या. "मासं मेलेत, मला ठावं हाय की."

मी चमाकले. "आवं..."

"पैला मीच बघितला. सकाळी उताना तरंगत हुता. ह्यास्नी जाग यायच्या आत मी परत डोळं मिटलं."

"मग ह्ये दानं?"

"मला कळलंय म्हनलं, तर ह्यास्नी सांगायला काय ऱ्हाईल?"

टक. पिवळी वळ आली. चुलीपासनं नानांनी हाक मारली, "मालन, खाल्लं का गं त्यांनी?"

वयनी काचंपाशी वाकल्या, नीट निरखल्यागत केलं.

"एकानं खाल्लं," त्या म्हनल्या. "दुसरा लाजतोय."