अपूर्णांक खाणारा पाणघोडा

"छडीचा जमाना संपला. यापुढची पिढी खेळता खेळता पंडित होईल," असं आजोबांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं आणि मग कॉम्प्युटर कुठून सुरू करतात ते नातीला विचारलं.

जन्मभर इतिहास शिकवून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या आजोबांनी नातीसाठी गणिताचा गेम आणला होता. त्यात एक पाणघोडा होता. तो गवताला तोंड लावत नसे; त्याला अपूर्णांकांची बरोबर उत्तरं लागत. उत्तर चुकलं की तो वाळे, फारच वाळला की मरे. नात रोज त्याच्यापुढे ठाण मांडून बसू लागली, तेव्हा आजोबांनी अख्ख्या इमारतीत आपल्या पद्धतीचा डंका पिटला.

मग नात शाळेच्या सहलीला गेली. पाणघोड्याविषयी ती चकार शब्द बोलली नाही. पोरच ते, विसरलं असेल, असं म्हणून आजोबांनी त्याचं पालकत्व स्वतःकडे घेतलं. परत आल्यावर तिला मेलेला पाणघोडा दिसला तर गणितावरचं तिचं मन कायमचं उडेल, ही एकच धास्ती त्यांना होती. आणि अपूर्णांकांशी त्यांचा संबंध शाळेतच तुटला होता, तोही दोन्ही बाजूंच्या संमतीने.

पहिल्याच दिवशी पाणघोड्याच्या बरगड्या दिसू लागल्या. आजोबांनी दातांचा डॉक्टर असलेल्या मुलाला दवाखान्यात फोन लावला.

"सात अष्टमांशातून दोन तृतीयांश गेले तर किती?"

"बाबा, माझा हात पेशंटच्या तोंडात आहे."

पेशंटचे हात मात्र मोकळे होते. त्याने गळ्यातल्या टॉवेलवर बोटाने हिशेब मांडला, आणि डॉक्टरांनी तो वाचून दाखवला: पाच चोविसांश. पाणघोड्याने ढेकर दिली. त्यानंतर दवाखान्यात रोजच दाढा आणि अपूर्णांक एकदमच निघू लागले आणि पाणघोडा चांगला गरगरीत झाला.

नात यायच्या दिवशी आजोबांना वाटलं, आता आपल्यालाही जमेल. अर्धा अधिक एक तृतीयांश. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले, आणि दोन पंचमांश लिहिले.

"अहो, अर्ध्यात भर घातली आणि ते अर्ध्याहून कमी झालं?" आजी मागून म्हणाली.

आजोबा हट्टाला पेटले. चूक सुधारायला दुसरी चूक, तिच्यासाठी तिसरी. दारावरची बेल वाजली आणि पाणघोडा चारी पाय वर करून आडवा झाला.

नात पाठीवरच्या बॅगेसकट पडद्यासमोर उभी राहिली. आजोबा खुर्चीतून उठले. "बाळा, मी फार प्रयत्न केले गं, रोज तुझ्या बाबांना फोन करून उत्तरं विचारली..."

"मेला? बरं झालं," नात म्हणाली. "मी तर त्याला नेहमीच मारते. मेला की नवीन पिल्लू मिळतं. पिल्लाला नुसतं अर्धा अधिक अर्धा चालतं."

छातीवरचा धोंडा उतरावा तसे आजोबा खुर्चीत बसले. शेजाऱ्यांना काय सांगायचं ते उद्या बघता येणार होतं. नातीने प्रेमाने त्यांच्या गळ्यात हात टाकले.

"फक्त आजोबा, पुढच्या वेळी बाबांना फोन करू नका हं. उगाच जास्त जगतो तो."